बिनविरोध

मतपेटी महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकणाला बोटभर लांब फट. ती फट पाडून घ्यायला बाबा आमच्या ब्लॉकखालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. दुकानातल्या चिनी काकांना इंग्रजी येत नव्हतं, बाबांना चिनी येत नव्हतं, तरी दोघांनी खाणाखुणांनी काम उरकलं. घरी आल्यावर बाबा कानस घेऊन बसले आणि फटीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. का, तर मत टाकताना कुणाचं बोट कापायला नको. मी म्हटलं, "बाबा, साठेक घरांचं मंडळ आहे आपलं. एवढं काय त्यात?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरं साठ असोत नाहीतर साठ लाख. डबा तसाच लागतो."

त्या डब्यात एकही मत पडलं नाही. कसं पडलं नाही ते सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू दे, मला अजून त्या दिवसाचा राग येतो.

आम्ही तेव्हा सिंगापूरला, सेंगकांग भागात राहत होतो. ब्लॉक इतके नवे की लिफ्टमध्ये रंगाचा वास यायचा आणि प्रत्येक मजल्यावर एक तरी बाळ रडत असायचं. मी एका बँकेत हिशेब तपासायचे, नवरा दुसऱ्या बँकेत. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळून थोडीच वर्षं झाली होती. आसपास मराठी घरं वाढत होती. पुण्या-मुंबईकडची, नोकरीपुरत्या एम्प्लॉयमेंट पासवर आलेली, नवी नवी लग्नं झालेली. त्या सगळ्यांचं मिळून एक लहानसं मंडळ होतं. गणपती, दिवाळीचा फराळ, पाडवा, मुलांचं एखादं नाटक. एवढंच. पण परमुलखात एवढंच पुष्कळ असतं. रविवारी दुपारी चार माणसांत मोठ्याने मराठीत हसायला मिळतं म्हणून लोक बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून एमआरटीच्या गाड्या बदलत यायचे.

ज्यांनी मंडळ काढलं तेच पहिल्यापासून अध्यक्ष. वयाने मोठे, केव्हाच सिंगापूरचे नागरिक झालेले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. नवं जोडपं येणार असलं की स्वतः गाडी घेऊन विमानतळावर जायचे, पहिल्या दिवसाचा डबा त्यांच्याच घरून. पण मंडळ म्हणजे त्यांच्या तीर्थरूपांची इस्टेट. गणपतीत कोण गाणार, कुणाची मुलगी नाचणार, आरतीला पुढे कोण उभं राहणार, सगळं त्यांनी ठरवायचं. पासवर आलेल्यांना सभासद करून घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुम्ही आज इथे, उद्या हाँगकाँगला. तुमचा काय भरवसा?"

वार्षिक सभा म्हणजे श्रीखंड-पुरीच्या आधीची पाच मिनिटं. आपल्याकडच्या संस्थांत चालतं तेच. एकाने उठून नाव सुचवायचं, तो सूचक. दुसऱ्याने "माझं अनुमोदन" म्हणायचं, तो अनुमोदक. मग टाळ्या. निवड झाली, सर्वानुमते, बिनविरोध. आपल्या लोकांना बिनविरोधचं भारी कौतुक. मतदान झालं म्हणजे काहीतरी बिनसलं, घराण्याची अब्रू गेली, असं आपल्याला वाटतं.

आणि माइक. माइक मंडळाचा, पण राहायचा अध्यक्षांच्या घरी. सभेत ते तो कुणाच्या हातात देत नसत. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडापुढे स्वतः धरायचे. नको ते ऐकू यायला लागलं की अंगठ्याने बटण दाबायचे. टक्. बोलणाऱ्याचं तोंड नुसतं हलत राहायचं आणि सभागृहात हशा पिकायचा. तशी सवयच लागली होती लोकांना.

दोन हजार चारच्या दिवाळीत ते संपलं. फराळाचा कार्यक्रम होता, एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. माझी एक मैत्रीण होती, आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली राहायची, पुण्याहून आलेली, आयटीतली. ती उठली आणि तिने सरळ विचारलं, "आम्ही वर्गणी देतो, खुर्च्या मांडतो, तुमच्या गणपतीला मोदक वळतो. मग आम्ही सभासद का नाही?"

टक्.

बिचारी तशीच उभी राहिली, हातात चिवड्याची बशी. आणि या वेळी कुणी हसलं नाही. माझा नवरा उठला. हा माणूस म्हणजे घरात झुरळ दिसलं तरी मला हाक मारणारा. तो शांतपणे पुढे गेला, अध्यक्षांच्या हातातून माइक काढून घेतला, बटण चालू केलं आणि माइक तिच्या हातात दिला. म्हणाला, "बोला वहिनी. सगळं बोला."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मग एकेक जण उठायला लागला. कुणाच्या मुलीला नाचातून काढलेलं, कुणाला आरतीतून मागे सारलेलं. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. अध्यक्ष ऐकत होते. शेवटी खिशातून मंडळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. म्हणाले, "घ्या. चालवा तुम्हीच." आणि बायकोला घेऊन निघून गेले, फराळाला हात न लावता. लग्नाला दहाएक वर्षं झाली होती, पण त्या दिवशी मी माझ्या नवऱ्याकडे नव्याने बघितलं. घरी येताना एलआरटीच्या छोट्या गाडीत त्याचा हात धरून बसले, लेक शेजारी बसून तोंड वेंगाडत होती तरी.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. मीही रडले. "तुम्ही दोघं होतात म्हणून गं," म्हणाली. "हे मी जन्मात विसरणार नाही."

हंगामी समिती नेमली, तिचा प्रमुख अर्थात माझा नवरा. ठरलं असं की पासवरचे सगळे सभासद होतील आणि गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी अध्यक्षाची निवडणूक होईल. गुप्त मतदानाने. कुणी कुणाला मत दिलं ते कुणाला कळणार नाही, म्हणजे उद्या कुणाच्या मुलीला नाचातून काढायला नको. हे कलम नवऱ्याने स्वतः सांगितलं आणि मी टाइप केलं.

जानेवारीत बाबा आले. बाबा शाळामास्तर, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. आणीबाणीत पत्रकं वाटली म्हणून त्यांना उचललं आणि नाशिक रोडच्या तुरुंगात ठेवलं. मी लहान होते. आई मला भेटीला घेऊन जायची. जाळीच्या पलीकडून बाबा मला पाढे विचारायचे. बाकीची माणसं रडत असायची, आणि मी जोरजोरात एकोणीसचा पाढा म्हणायचे. बाजूला उभा असलेला शिपाईसुद्धा मनात म्हणत असायचा, त्याचे ओठ हलायचे.

मग सत्याहत्तरची निवडणूक झाली. बाबा सुटून आले होते. शेजारच्यांच्या ओट्यावर रेडिओ लावला होता आणि एकेक निकाल आला की अख्खी आळी ओरडायची. बाबांनी मला खांद्यावर घेतलं. माझ्या केसांत गुलाल, त्यांच्या चष्म्यावर गुलाल. म्हणाले, "बये, आता कुणी कुणाचं तोंड बंद करणार नाही." मला ते वाक्य आठवतं, कारण मी लगेच विचारलं होतं, बाईसुद्धा नाही का, वर्गात?

पुढे काय झालं ते माहीत आहे. ज्यांना बाबांनी डोक्यावर घेतलं ते खुर्चीपायी एकमेकांच्या उरावर बसले. तीन वर्षंसुद्धा धड टिकले नाहीत. ज्या दिवशी ते सरकार पडलं त्या दिवशी बाबांनी आमचा रेडिओ उचलून कपाटावर ठेवला आणि वर फडकं घातलं. ओरडले नाहीत, काही नाही. आई जेवायला हाक मारत होती आणि ते फडक्याच्या कडा सारख्या करत होते.

तर ते बाबा माझ्या सेंगकांगच्या हॉलमध्ये बसून जानेवारीअखेर टीव्हीवर इराकची निवडणूक बघत होते. हुकूमशहा पकडला गेला होता, बाया-माणसं रांगा लावून मत देत होती आणि शाई लागलेलं जांभळं बोट कॅमेऱ्यासमोर नाचवत होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "यांचं नीट होऊ दे रे देवा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जुलमी माणूस गेला म्हणजे झालं, असं नसतं गं. तो गेल्यावर मधला जो काळ असतो ना, तो कुणाच्या हातात पडतो, त्यावर सगळं असतं."

नवऱ्याने ते ऐकलं. आणि त्यानेच सुचवलं, बरं का, मी नाही. "बाबा, आमच्या मंडळाचे निवडणूक अधिकारी तुम्हीच व्हा. तुम्ही सभासद नाही, उमेदवार नाही. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस कुठून आणू?"

बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. व्हिजिट पास वाढवून घेतला. अर्जावर मुक्काम वाढवण्याचं कारण त्यांना "निवडणूक" असं लिहायचं होतं, मी कसंबसं थांबवलं, म्हटलं लेकीकडे राहायचंय एवढं पुरे.

मग आमच्या घराचं निवडणूक कार्यालय झालं. मतपत्रिका बाबांनी पट्टी लावून सारख्या कापल्या. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुनी चादर टाकून मतदानाची खोली केली आणि आत शिरून बाहेरून कुणाचे पाय दिसतात का ते लेकीला बघायला लावलं. शाईपायी तर आम्ही लिटल इंडिया पालथा घातला. शेवटी एका औषधाच्या दुकानात, आपण लहानपणी गुडघा फुटला की लावायचो ते जांभळं औषध मिळालं. बाबांनी तिथेच बाटली उघडून डाव्या हाताच्या बोटाला लावून बघितलं, मग साबणाने घासून बघितलं. जात नाही म्हणताना खूश. रोज थोडी थोडी लावायचे, किती टिकते ते बघायला.

लेक म्हणाली, "आजोबा, सो सीरियस फॉर व्हॉट? जस्ट क्लॅप लाह."

तिला त्यांनी मांडीवर घेतलं आणि समजावलं. "टाळ्या वाजवताना शेजारी बघतो ना बाळा, कोण वाजवतंय, कोण नाही. चादरीच्या आत कुणी बघत नाही." मग मला म्हणाले, "आणि निवडणूक खरी झाली का, ते जिंकलेल्याला विचारू नये. हरलं कोण, ते विचारावं. हरलेला माणूस घरी जाऊन नीट जेवला, तर ती खरी."

दोनच उमेदवार होते. एक माझा नवरा. दुसरा जुरोंग आयलंडवर रिफायनरीत काम करणारा एक इंजिनिअर, चोआ चू कांगला राहायचा, बोलका, खळखळून हसणारा. दोघंही घरोघर जाऊन चहा पीत होते. लोक विचारायचे, तुम्ही काय करणार, तुम्ही काय करणार? असं कधी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्या मैत्रिणीने तर प्रश्न लिहून काढले होते. मी मनात म्हणायचे, बाबांचं एकदा तरी सुफळ होऊ दे. देशाचं नाही तर नाही, साठ घरांचं तरी.

शेवटच्या आठवड्यात नवऱ्याचं काहीतरी बदललं. फोन आला की तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलायचा, शेजाऱ्यांच्या कुंड्यांपाशी. एकदा जेवताना म्हणाला, "मतदानाने उगाच कटुता तर येणार नाही ना?" मला वाटलं, हरायची धास्ती घेतलीय. मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली, म्हटलं, "हरलास तरी मी आहे."

रविवार उजाडला. हॉल गच्च भरलेला. जुने अध्यक्षसुद्धा आले होते, शेवटच्या रांगेत, बायकोशेजारी हात घडी घालून. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे टेबलाशी. त्यांनी डबा उघडून सगळ्यांना आतून दाखवला, रिकामा आहे बघा, आणि झाकण लावून चिकटपट्टी मारली. शाईची बाटली उघडून ठेवली. मग नवऱ्याने माइक हातात घेतला.

"सगळ्यांना एक आनंदाची बातमी द्यायची आहे."

मला वाटलं, श्रीखंड आलं.

म्हणाला, गेले काही दिवस आम्ही दोन्ही उमेदवार बोलत होतो. मंडळ नुकतंच सावरतंय. आत्ता मतदान म्हणजे दोन तट पडणार. घरातल्या घरात मतदान कशाला? आत्ता गरज आहे ती स्थैर्याची. म्हणून इंजिनिअरसाहेबांनी मोठ्या मनाने अर्ज मागे घेतलाय, ते उपाध्यक्ष होतील. सांस्कृतिक प्रमुख म्हणून आपल्या वहिनी. आणि माझ्या मैत्रिणीकडे हात केला. ती लाजून हसली. तिला माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दोन रांगा आधीच हसत होत्या. माहीत नव्हतं ते फक्त मला आणि बाबांना, म्हणजे ज्या घरात तो सकाळी पोहे खाऊन निघाला त्या घराला.

बाबा म्हणाले, "अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आहे." माइक नव्हता त्यांच्याकडे, म्हणून पुढच्यांनाच ऐकू गेलं.

नवरा हसला. "बाबा, आपल्या घरचंच आहे ना."

टाळ्या सुरू झाल्या. बाबा टेबलामागे उभे, जांभळं बोट टेबलाच्या कडेवर. टाळ्या वाजवत नव्हते, बसतही नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. म्हटलं, "थांबा. माझा अर्ज आहे. अध्यक्षपदासाठी. यांच्याविरुद्ध."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग कुणीतरी खिदळलं. नवरा माइक घेऊन माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "अगं, काय हे? घरी बोलू."

"घरी बोलायला तू घरी सांगायला हवं होतंस."

इंजिनिअर पुढून ओरडला, "वहिनी, नियमाप्रमाणे सूचक-अनुमोदक लागतो हं!" हसत हसत. सगळ्यांना ते नाटकातलं भांडण वाटत होतं.

सूचक आणि अनुमोदक. फक्त दोन माणसं हवी होती. दोन हात वर झाले असते की मतदान घ्यावंच लागलं असतं, डबा वापरावा लागला असता. मी हरले असते, सरळ आपटले असते, मला काय ते कळत नव्हतं? मला जिंकायचं नव्हतंच. मी हॉलभर बघितलं. ज्यांच्या मुली नाचातून काढल्या होत्या ते खाली बघत होते. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने पर्समधून फोन काढला आणि कुणाचा तरी मेसेज वाचायला लागली. फोन वाजलासुद्धा नव्हता.

शेवटच्या रांगेतून हात वर झाला. "मी सूचक."

जुने अध्यक्ष! उभे राहिले होते. हॉलमध्ये असा हशा उसळला, की आईच्या कडेवरची पोरं दचकून रडायला लागली. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले, दुसऱ्या हाताची वाट बघत. मीही वाट बघितली. बाबांनी खुर्चीला धरून हॉलवरून एकदा नजर फिरवली, परीक्षेच्या वर्गात फिरवतात तशी. दुसरा हात आला नाही.

नवऱ्याने माझ्या तोंडापुढे माइक धरला होता. स्वतःच्या हातात. मी म्हणाले, "लाज नाही वाटत तुम्हाला? दिवाळीत ज्या माणसाला तुम्ही..."

टक्.

मी ते शेवटपर्यंत बोलले. काय बोलले ते कुणालाही ऐकू गेलं नाही. माझं मलाही नीट गेलं नाही, टाळ्याच इतक्या वाजत होत्या.

जेवण छान झालं म्हणे. बाबांनी पानातलं सगळं संपवलं. तुरुंगातून आल्यापासून ते पानात काही टाकत नाहीत. मग त्यांनी स्वतः चादरीची घडी घातली, न वापरलेल्या मतपत्रिका एकावर एक सारख्या रचल्या आणि शाईच्या बाटलीचं टोपण घट्ट लावलं. मदतीला कुणी आलं तर "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते.

घरी आल्यावर मी जे बोलायचं ते बोलले. ते सगळं इथे सांगत नाही. नवरा म्हणत राहिला, "अगं पण सुरळीत झालं ना सगळं? कुणी दुखावलं का? एकच वर्ष. पुढच्या वर्षी घेऊ मतदान." मी म्हटलं, "तू केसाने गळा कापलास माझा. आणि त्या म्हाताऱ्याला डबा घासायला लावलास." तो म्हणाला, "बाबांना वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं." खरंच वाटलं नसेल. त्याचाच मला जास्त राग आला.

बाबा आमचं ऐकत होते. मग म्हणाले, "सत्याहत्तरला आमचंही असंच झालं. निवडून आल्यावर नेता निवडायचा होता. त्याला मतदान होणार होतं, झालंच नाही. दोन ज्येष्ठ बसले आणि त्यांनी नाव सांगितलं. म्हणे एकी राहील. आम्ही गावात पेढे वाटले." आणि पुढे म्हणाले, "एकी बिकी कसली. ज्याला हरता आलं नाही तो आतल्या आत कुढत बसला." मला हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, बाबांना फसवलं ते त्या सरकारने, शेवटी. ते म्हणत होते, नाही, पहिल्याच दिवशी.

आठवड्याभराने ते गेले. चांगी विमानतळावर पासपोर्ट दाखवताना त्यांचं बोट अजून जांभळं होतं, नखाच्या कडेला. त्या हॉलमधलं ते एकच बोट.

मैत्रीण एकदा लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "राग मानू नकोस गं. नवरा-बायकोच्या भांडणात मी कशी पडणार?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडापुढचा माइक बंद झाला तेव्हा आम्ही पडलोच ना मध्ये." तिचा मजला आला, ती उतरली. पुढे तिने मंडळाचे कार्यक्रम फार सुंदर बसवले, सगळे म्हणतात. कुणाच्या मुलीने नाचायचं ते तीच ठरवायची.

आणि एकदा एलआरटीच्या फलाटावर जुने अध्यक्ष भेटले. मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी हात का वर केलात?" म्हणाले, "खरं सांगू? गंमत बघायला. दुसरा हात वर होतो का ते बघायचं होतं." तेवढ्यात गाडी आली. चढताना म्हणाले, "मी बटण दाबलं तेव्हा तुम्ही सगळे उठलात. आपल्या माणसाने दाबलं तेव्हा कुणी उठत नाही हो." मला त्यांचा रागही आला नाही, काही नाही. मी पुढची गाडी घेतली.

नवऱ्याचं एक वर्ष दशक संपेपर्यंत चाललं. दर पाडव्याला सूचक, अनुमोदक, टाळ्या, श्रीखंड. मी जायचं बंद केलं. मी त्याला सोडलं नाही, माफही केलं नाही. आमचं बरं चाललं होतं, लोक म्हणायचे. डब्यात मी चिवडा भरायला लागले, तर झाकणाच्या फटीतून हवा जाऊन दोन दिवसांत सादळायचा. तरी तोच डबा वापरायचे.

बाबा दर वर्षी पाडव्यानंतर फोनवर विचारायचे. "झालं का यंदा मतदान?" मी म्हणायचे, "नाही बाबा." ते "हं" म्हणायचे आणि हवापाण्याचं विचारायचे. इराकचं काय झालं ते बातम्यांत दिसत होतं. त्यांनी त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

शेवटच्या वर्षी ते नाशिकला दवाखान्यात होते. भावाने फोन त्यांच्या कानाला लावून धरला होता. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर नवरा संत्रं सोलत होता, आदल्याच दिवशी पुन्हा बिनविरोध निवडून आलेला. फोन स्पीकरवर नव्हता, पण बाबांना ऐकू कमी यायचं म्हणून मी मोठ्याने बोलत होते.

"झालं का गं मतदान?"

मी समोर बघितलं. म्हटलं, "झालं, बाबा."

संत्रं सोलणारे हात थांबले.

"पेटी आपलीच?"

"आपलीच. तुम्ही कडा घासलेली."

"शाई लावली?"

"लावली."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "आणि हरलं कोण?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

"मी," म्हटलं. "मी हरले, बाबा."

"घरी जाऊन जेवलीस?"

"जेवले."

"मग खरी झाली," बाबा म्हणाले, आणि भावाला म्हणाले, ठेव आता.